ऐन दुपारी बंद पडणारा सोलर इन्व्हर्टर

कोथरूडच्या आमच्या घरावर ३ किलोवॉटचे पॅनल आहेत. पीएम सूर्यघर योजनेतून ७८,००० रुपये अनुदान मिळालं, घेतलेली आणि ग्रिडला दिलेली वीज मोजणारा नेट मीटर बसला. पण मार्चच्या कडक उन्हात, बाराच्या सुमारास इन्व्हर्टर (पॅनलची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलणारं यंत्र) अचानक थांबायचा आणि काही मिनिटांनी पुन्हा सुरू व्हायचा. पडद्यावर ‘ग्रिड ओव्हरव्होल्टेज’ असा संदेश, म्हणजे बाहेरच्या वीजपुरवठ्याच्या बाजूचं व्होल्टेज इन्व्हर्टरच्या मर्यादेपेक्षा (आमच्याकडे २५३) जास्त. बसवणारे म्हणाले, पॅनल धुवा. पण धूळ असती तर निर्मिती कमी झाली असती, इन्व्हर्टर बंद पडला नसता.

म्हणून इलेक्ट्रिशियनला बोलावून भर दुपारी एकाच वेळी दोन ठिकाणी व्होल्टेज मोजायला लावलं. मीटरपाशी २४९, इन्व्हर्टरपाशी २५४! वीज बाहेर ढकलायची तर इन्व्हर्टरला ग्रिडपेक्षा जास्त व्होल्टेज ठेवावंच लागतं, आणि वायर बारीक किंवा लांब असेल तर हा फरक वाढतो. आमची वायर गच्चीपासून फाटकाजवळच्या मीटरपर्यंत सुमारे २५ मीटर, तीही २.५ चौरस मिलिमीटरची. १३ अँपिअरला जवळपास पाच व्होल्ट तिथेच चढत होते.

६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर टाकली, न्यूट्रलचे जोड घट्ट केले. चढ दोन व्होल्टांवर आला आणि बंद पडणं थांबलं. मीटरपाशीच २५३च्या वर दिसत असेल, तर मात्र महावितरणकडे तक्रार करा; इन्व्हर्टरची मर्यादा परस्पर वाढवू नका. आणि वायरिंगला स्वतः हात लावू नका: मेन बंद केला तरी उन्हात पॅनलच्या डीसी वायरींमध्ये वीज असतेच.