आधी ‘कशासाठी’ लिहा: धंद्याच्या गरजा टिपायला निघण्यापूर्वी

येत्या सोमवारी लातूरच्या एमआयडीसीत एका डाळ मिलचं काम सुरू करायचंय. मिलसाठी सॉफ्टवेअर बनवायचं आणि त्याआधी मालकाच्या गरजा लिहून काढायच्या. ही तयारी लिहून ठेवतोय ती स्वतःसाठी आणि या कामात नव्यानं पडणाऱ्यांसाठी. दोन वर्षांमागं मार्केट यार्डातल्या एका आडत दुकानाचं, म्हणजे शेतकऱ्याचा माल खरेदीदाराला विकून देणाऱ्या दुकानाचं, हेच काम मी वाया घालवलं. तसं पुन्हा होऊ द्यायचं नाही.

वही, पेन, चार्जर. ते कुणाला सांगायला नको.

वहीचं पहिलं पान कोरं सोडा आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहा: कशासाठी? मालक हे पैसे कशासाठी घालतोय, याचं उत्तर त्याच्या तोंडच्या शब्दांत त्या पानावर उतरल्याशिवाय दुसरं पान उघडू नका. त्या आडत दुकानात मी नेमकं हेच केलं नव्हतं. बाकी सगळं टिपलं होतं. पट्टी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा मालाच्या हिशोबाचा कागद, कशी निघते, हमाली-तोलाई कुठं वजा होते, शेतकऱ्याची उचल कुठल्या खात्याला नावे पडते, सगळं. 40 पानं भरली, शेठनी सही केली. सोयाबीनच्या ऐन आवकेत, दिवाळीच्या तोंडावर, पट्टी अर्ध्या मिनिटात निघायला लागली. पाडवा होऊन महिना झाला नाही तोवर मुनीम पुन्हा वहीवर आले. मी विचारायला गेलो तर शेठ म्हणाले, “पट्टी तर आमचे मुनीम हातानं बी काढतच होते की. मला संध्याकाळी दुकान बंद करताना कळाय पाहिजे, कुठल्या खरेदीदाराकडं माझे किती अडकलेत अन् किती दिवस झाले.” आडत्या शेतकऱ्याच्या हातावर पैसे लगेच ठेवतो. खरेदीदाराकडून ते यायला आठ-पंधरा दिवस लागतात. मधल्या दिवसांत दुकानाची रक्कम अडकलेली असते आणि माणसाची झोप त्यातच जाते. माझ्या 40 पानांत त्या झोपेसाठी एक ओळ नव्हती. शेवटचा हप्ता मी मागितला नाही.

म्हणून पुन्हा सांगतो, ‘कशासाठी’ आधी. हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. बिझनेस अ‍ॅनालिसिसची आंतरराष्ट्रीय संस्था आयआयबीए हिच्या मार्गदर्शिकेत, ‘बाबॉक’च्या 2015 च्या तिसऱ्या आवृत्तीत, गरजांचे थर पाडलेत. सगळ्यात वर धंद्याची गरज, म्हणजे हा बदल मुळात का करायचा. तिच्याखाली माणसांच्या गरजा, त्याखाली सॉफ्टवेअरनं काय करायचं, आणि शेवटी जुन्यावरून नव्यावर जाताना काय लागेल ते. मी तिसऱ्या थरापासून सुरुवात केली होती. स्क्रीन, बटणं, रिपोर्ट. आपल्याला तेच सोपं जातं, म्हणून सगळेच तिथून सुरू करतात. करू नका.

मालकाला “काय काय पाहिजे?” असं विचारू नका. तो शेजारच्या दुकानात पाहिलेलं सगळं सांगेल. त्यापेक्षा “गेल्या हंगामात पैसे कुठं गेले?” किंवा “रात्री घरी गेल्यावर कुठला आकडा डोक्यात घोळतो?” असं विचारा, आणि मग गप्प बसा. चहा येईल, फोन येतील, कुणीतरी काटापावती घेऊन मधेच येईल. तरी गप्प बसा. खरं उत्तर बहुतेक तिसऱ्या फोननंतर येतं.

या मिलच्या मालकांशी फोनवर थोडं बोलणं झालंय. ते म्हणाले, “उतारा कळत नाही.” 100 किलो तुरीतून साधारण 70 ते 75 किलो डाळ निघते, उरलेलं चुणी, टरफल आणि घट. कुठल्या मालाला 72 बसला आणि कुठल्याला 69, यावर पुढचा सौदा किती भावानं करायचा ते ठरतं. तर माझ्या पहिल्या पानावर सध्या एवढंच आहे: ‘पुढची तूर घेण्याआधी मागच्या लॉटचा उतारा कळावा.’ आता या एका ओळीमुळं काय काय विचारावं लागतं बघा. तुरीला आधी चाळणी, मग रोलवर घासून तेल लावायचं, मग ढीग मारून मुरवायचं, उन्हात वाळवायचं, आणि त्यानंतर भरडायचं. यात दिवस जातात. वाळवणाच्या ओट्यावर दोन व्यापाऱ्यांचा माल शेजारी-शेजारी पसरलेला असतो, आणि आभाळ आलं की हमाल तो जसा हाताला येईल तसा गोळा करतात. तिथं लॉट मिसळला तर पुढं कितीही चांगला रिपोर्ट काढा, त्यातला आकडा खोटा. म्हणजे पहिली गरज कॉम्प्युटरवरची नाहीच, ती ओट्यावर चुन्यानं रेघ मारण्याची आणि पोत्याला चिठ्ठी बांधण्याची आहे. ‘कशासाठी’ लिहिलं नसतं तर मी परत एक सुबक बिल बनवून दिलं असतं.

कागद गोळा करा, पण कोरे नमुने घेऊ नका. भरलेले, खाडाखोड केलेले, मागं पेन्सिलीनं हिशोब केलेले कागद मागा. गेटपास, काटापावती, ओल किती आली त्याची चिठ्ठी, रोजमेळाचं, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीचं, एखादं पान. फोटो काढायच्या आधी विचारा, त्यात शेतकऱ्यांची नावं आणि बाकी असते. मागच्या बाजूची पेन्सिल नीट वाचा. छापलेल्या रकान्यात जे मावत नाही ते तिथं सापडतं.

माणसं: मालक, मुनीम, काटेवाला, मशिनवरचा मिस्त्री. प्रत्येकाशी वेगळं बोला. मालकाच्या केबिनमधे सगळ्यांना एकत्र बसवलं तर मुनीम मान हलवतात आणि काटेवाला भिंतीकडं बघतो. मोठ्यांना अहो-जाहो करून, त्यांच्या जागेवर जाऊन, हातातलं काम थांबायची वाट बघून विचारा. आणि प्रत्येकाला तोच प्रश्न: हे कशासाठी करताय? मुनीम एक आकडा दोन वह्यांत लिहीत असतील तर त्यामागं कारण असतं, बहुतेक कधीतरी बसलेल्या फटक्याचं. ते न विचारता दुसरी वही बंद करू नका.

शब्दांचे अर्थ लिहून घ्या. एकाचा कट्टा 50 किलोचा, दुसऱ्याचा 60 चा, हमालाला फक्त नग मोजायचाय. ‘वर्ष’ म्हणजे 1 एप्रिलपासून की पाडव्याच्या वहीपूजनापासून, हेही विचारा. ‘बाकी’ कुणाची कुणाकडं, हे तर दोनदा विचारा.

वेळ बघून जा. जानेवारीपासून तुरीची आवक, मार्च अखेरीला सीएची घाई. बोलायला निवांत दिवस धरा, पण एक दिवस गर्दीचा नुसता उभं राहून बघायला ठेवा.

काय करायचं नाही तेही लिहा. पगार, जीएसटीचं रिटर्न, धाकट्या मुलाला हवं असलेलं मोबाइल अ‍ॅप. डाय क्लेग यांनी 1994 साली दिलेली चार खणांची वाटणी इथं उपयोगी पडते: हवंच, असावं, असलं तर बरं, या खेपेला नको. कुठलीही गोष्ट ‘हवंच’च्या खणात टाकण्याआधी पहिलं पान उलटून बघा. त्या ओळीशी तिचा संबंध लागत नसेल तर ती तिथं जाणार नाही, मालकाचा मुलगा कितीही रुसला तरी.

लिहिलेलं मराठीतच द्या, आणि मोठ्यानं वाचून दाखवा. न वाचता झालेल्या सहीला अर्थ नसतो, हे मला त्या 40 पानांनी दाखवलंय. सही पैसे देणाऱ्याची घ्या, आणि पहिल्या पानावर वेगळी घ्या.

पुढचं थोडक्यात. प्रत्येक प्रतीवर तारीख टाका. नंतरचा बदल फोनवर ठरला तरी त्याच दिवशी लिहून पाठवा. जुन्या बाक्या नव्यात कोण चढवणार, कोण तपासणार, ते नावानिशी ठरवा. चाचणी खऱ्या लॉटवर घ्या. वीज गेली तर काटापावती कशी निघणार ते विचारा. शिकवायचं मुनीमांना, मालकांना नाही. काम सुपूर्द करताना पहिलं पान पुन्हा काढा आणि मालकांना विचारा, मागच्या लॉटचा उतारा किती? सांगता आला तरच शेवटचा हप्ता मागा.

सोमवारी सकाळी आठला पोचायचंय, ओट्यावर माल पसरायच्या आधी.