जाड गोल अक्षरांचा बोर्ड बनवताना

वडापावची गाडी, आईस्क्रीमचं दुकान, बालवाडी असं काम आलं की मी आधी ‘बालू’ लावून बघतो. फाँट बनवणाऱ्या मुंबईच्या ‘एक टाईप’चा हा फाँट गूगल फाँट्सवर फुकट मिळतो. लायसन्स खुलं आहे, त्यामुळे धंद्याच्या कामालाही बिनधास्त चालतो. अक्षर जाडजूड, टोकं गोल, स्वभाव गमत्या. डाउनलोड करताना ‘बालू २’ घ्या. जुन्या बालूत एकच जाडी होती, यात रेग्युलर ते एक्स्ट्राबोल्ड अशा पाच आहेत. सीमाभागातल्या बोर्डावर खाली कानडी ओळ हवी असेल, तर त्याच घराण्यातला ‘बालू तम्मा २’ लावा, दोन्ही ओळी एका हातच्या वाटतात.

जाड अक्षरात जपायची ती आतली पोकळी. भ आणि ध यांच्या डोक्यावर शिरोरेषेत फट असते. एक्स्ट्राबोल्डमध्ये ती आधीच बारीक, त्यावर बाहेरून आऊटलाईन चढवली की बुजते आणि रस्त्यापलीकडून ‘ताजी भाजी’ची ‘ताजी माजी’ होते. आऊटलाईन हवीच असेल तर अक्षर कमी जाडीच्या सेमीबोल्डवर आणा. एक्स्ट्राबोल्ड निवडून वर पुन्हा ‘बी’चं बटण दाबू नका, सॉफ्टवेअर नुसतं अक्षर फुगवतं. गिऱ्हाईक ‘अजून ठळक करा’ म्हणतंच. तेव्हा जाडी तशीच ठेवून आकार वाढवायचा, नाहीतर मागचा रंग बदलायचा. पिवळ्यावर काळं केलं की बहुतेकांचं समाधान होतं.

जागा भरायला अक्षर आडवं ताणलं की गोल टोकं चपटी होतात. दोन अक्षरांतलं अंतर वाढवलं तर शिरोरेषा तुटते. या फाँटच्या ओळी मुळात सुट्या पडतात, त्या थोड्या आवळा, पण वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी भिडतात का ते बघून.

रेडियम कटिंगला, म्हणजे स्टिकरमधून अक्षरं कापायला, हे अक्षर सोन्यासारखं. टोकदार कोपरे नसल्यामुळे स्टिकर कडेने लवकर उचलला जात नाही. फक्त एक काळजी घ्या. प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर जराशी चढलेली असते. फाइल तशीच प्लॉटरला, म्हणजे कापणाऱ्या मशीनला दिली तर ब्लेड प्रत्येक जोडावर उभा काप मारतं आणि शब्दाचे तुकडे हातात येतात. म्हणून आधी कर्व्ह करा (टाईप केलेल्या अक्षराचा नुसता आकार करा), मग शब्द निवडून वेल्ड करा (सगळे आकार जोडून एक करा) आणि वायरफ्रेममध्ये, म्हणजे फक्त कडा दाखवणाऱ्या व्ह्यूमध्ये, शिरोरेषा सलग दिसते का ते तपासा. कर्व्ह करण्याआधी ‘दुसऱ्या’सारखा शब्द टाईप करून बघा. ऱ्य फुटत असेल तर दोष बहुधा जुन्या सॉफ्टवेअरचा असतो, फाँटचा नव्हे.

श्रद्धांजलीच्या फ्लेक्सला मात्र बालू लावू नका. मंडळाची पोरं वाढदिवसाचीच फाइल उघडून नाव बदलायला सांगतात, तेव्हा फोटोबरोबर फाँटही बदला. तिथे ‘एक टाईप’चाच ‘मुक्ता’ बरा.