डेलच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट कसे बसवावे

विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ न चालणारा तुमचा लॅपटॉप लगेच भंगारात काढू नका. ४ जीबी रॅम असली तरी त्यावर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम, चालते.

आधी फोटो आणि कागदपत्रांचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या. बिटलॉकर (विंडोजचे डिस्कला लावलेले कुलूप) चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. या दोन गोष्टी झाल्याशिवाय पुढे जाऊच नका.

मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ फाइल (इन्स्टॉल करायची पूर्ण प्रत) उतरवा आणि रूफस किंवा एचर या प्रोग्रॅमने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवा. पेनड्राइव्हवरचे सगळे पुसले जाईल. पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू करा, डेलचे चिन्ह दिसताच एफ१२ दाबत राहा आणि यादीतून पेनड्राइव्ह निवडा.

मिंट पेनड्राइव्हवरूनच सुरू होते, डिस्कला हात लागत नाही. इथे घाई करू नका. वायफाय, आवाज, टचपॅड, कॅमेरा तपासा. झाकण मिटून पुन्हा उघडून पाहा.

डेलमध्ये खरी अडचण पुढे येते. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही आणि लोकांना वाटते डिस्क बिघडली. बहुतेक वेळा कारण साधे असते: अनेक डेल लॅपटॉप कारखान्यातून 'रेड ऑन' (RAID On) या डिस्कच्या सेटिंगवर येतात. सुरू होताना एफ२ दाबून सेटिंगचा पडदा उघडायचा आणि स्टोरेजमध्ये ते 'एएचसीआय' (AHCI) करायचे. विंडोज पुसणार असाल तर एवढेच पुरे. ते ठेवायचे असेल तर मात्र आधी विंडोजमध्ये एमएसकॉन्फिग (msconfig) ही सेटिंगची खिडकी उघडून 'सेफ बूट'वर खूण करा, मग सेटिंग बदला. विंडोज एकदा सेफ मोडमध्ये सुरू झाले की खूण काढा. तिथे पिन चालेलच असे नाही, म्हणून पासवर्ड हाताशी असू द्या. हा क्रम चुकला तर विंडोज निळ्या पडद्यावर अडकते.

विंडोज ठेवणार असाल तर त्याच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून निदान ५० जीबी जागा मोकळी करा आणि फास्ट स्टार्टअप (विंडोज लवकर सुरू करणारी सोय) बंद करा. आता पुन्हा पेनड्राइव्हवरून मिंट सुरू करून त्याच्या डेस्कटॉपवरचे 'इन्स्टॉल' चिन्ह उघडा. विंडोजच्या शेजारी की सगळी डिस्क पुसून, हा प्रश्न शांतपणे वाचा. बाकीचे प्रश्न सोपे आहेत.

नंतर अपडेट मॅनेजर चालवा. कीबोर्डच्या लेआउटमध्ये मराठी जोडा. इन्स्क्रिप्टची सवय नसेल तर फोनेटिक निवडा.