गुडघ्याच्या ऑपरेशननंतर लिडोकेनचा पॅच (दुखरी जागा बधिर करणाऱ्या औषधाची चिकटपट्टी) लावताना
बडोद्याच्या दमट उकाड्यात पॅच सुटतो तो बहुधा घामाने. कातडी पुसून अगदी कोरडी करा. तेल, पावडर नको. डॉक्टरांनी सांगितला असेल तरच ५ टक्क्यांचा पॅच लावा, तोही टाक्यांपासून दूर, धड कातडीवर. जखमेतून औषध जास्त शोषलं जातं. मोठा वाटला तर मागचा कागद काढण्याआधीच कात्रीने कापा. सकाळी ८ ला लावला की रात्री ८ ला काढायचा, पुढचे १२ तास कातडी मोकळी. वरून गरम पाण्याची पिशवी मुळीच नको, उष्णतेने औषध भराभर आत जातं. सांध्यातली खोल कळ याने थांबत नाही, गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. ओठ बधिर झाले, चक्कर आली तर पॅच काढून लगेच डॉक्टरांना फोन करा. काढलेल्या पॅचमध्येही बरंच औषध उरतं. चिकट बाजू आत दुमडून नातवंडांच्या हाती लागणार नाही असा टाका.