अरबी रस्त्यावरचं खाणं आणि मिठाया: कैरो, अम्मान, दुबईला जाताय? या चुका टाळा

अरब देश फिरून आलेली बरीच मराठी मंडळी सांगतात की तिकडचं खाणं फिकं आणि मिठाया अति गोड. हे ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं. खोदून विचारलं तर कळतं, फुल (फावा बीन्सची उसळ) खाल्लेलं असतं हॉटेलच्या बुफेत सकाळी दहा वाजता, कुनाफा (गरम खायची चीजची मिठाई) खाल्लेला असतो विमानतळावरच्या डब्यातला, थंडगार, आणि शवर्मा दुपारी चारला, दुकान नुकतंच उघडलेलं असताना. पदार्थ बरोबर, वेळ चुकलेली. तिथल्या रस्त्यावरच्या जवळजवळ प्रत्येक पदार्थाची खाण्याची वेळ ठरलेली आहे. खालच्या बहुतेक चुका ती वेळ न पाळल्यामुळे होतात. काही चुका मात्र तब्येतीशी निगडित आहेत, त्या जास्त नीट वाचा.

हॉटेलचा नाश्ता ‘पैशात धरलाय’ म्हणून तिथेच पोट भरणं

कैरोची सकाळ फुल मुदम्मसची. बाकला, म्हणजे फावा बीन्सचे तपकिरी दाणे, निमुळत्या गळ्याच्या मोठ्या हंड्यात रात्रभर मंद आचेवर शिजतात. पहाटे गाडीवाला लांब दांड्याच्या पळीने ते काढतो, वाडग्यात थोडे ठेचतो, वर तेल, लिंबू, जिरेपूड आणि मीठ घालतो. सोबत कोंड्याची ‘ऐश बलदी’ नावाची फुगलेली पोळी. फुल चमच्याने खायचं नसतं, पोळीच्या तुकड्याने उचलायचं असतं. चांगल्या गाडीवर दुपारपर्यंत हंडा रिकामा होतो, म्हणून सात ते नऊ ही वेळ धरा.

त्याच गाडीवर ‘तामिया’ तळत असतात. इजिप्तचा हा फलाफल काबुली चण्यांचा नसतो, बाकल्याचा असतो. भिजवून सोललेली डाळ कच्चीच वाटतात आणि त्यात भरपूर कोथिंबीर, पार्सली आणि पातीचा कांदा घालतात, त्यामुळे मोडल्यावर आतून हिरवागार दिसतो. जॉर्डन, लेबनॉन, पॅलेस्टाइनकडचा फलाफल चण्यांचा. दोन्हीकडे नियम एकच: तुमच्यासमोर कढईत पडलेलाच घ्या. काचेच्या कपाटातला आधीचा तळलेला घेतलात तर कोरडा, तेलकट गोळा खाऊन ‘यात काय विशेष’ असंच म्हणाल.

अम्मानमध्ये असाल तर जुन्या शहरात १९५२ पासून चालू असलेलं हाशेम गाठा. फलाफल, हुम्मुस (वाटलेल्या काबुली चण्यांची मऊ चटणी), फुल आणि पुदिन्याचा चहा एवढ्यावरच ते चालतं, त्यामुळे शाकाहारी माणसाला तिथे निर्धास्त बसता येतं.

जी-६-पीडी ची कमतरता असताना बाकला खाणं

ही चूक चवीची नाही, जिवाशी गाठ आहे. ज्यांच्या शरीरात जी-६-पीडी हे विकर कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी बाकला खाल्ल्याने फुटू शकतात. एक-दोन दिवसांत थकवा येतो, चेहरा पांढरा पडतो, डोळे पिवळे होतात, लघवी चहासारखी गडद होते. आपल्याकडे पारशी समाजात आणि काही आदिवासी समाजांत ही कमतरता जास्त आढळते, पण ती कुणालाही असू शकते. मुलग्यांत त्रास अधिक दिसतो, कारण हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो. घरात कुणाला मलेरियाच्या गोळ्यांनी असा त्रास झाला असेल, तर निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून रक्ततपासणी करून घ्या. कमतरता असेल तर इजिप्तमध्ये फुल आणि तामिया दोन्ही वर्ज्य. जॉर्डनमध्येही फलाफल घेण्याआधी ‘हुम्मुसचा (म्हणजे चण्यांचा) की फुलचा’ हे विचारा, कारण काही ठिकाणी दोन्ही मिसळतात. वरची लक्षणं दिसली तर वाट न पाहता रुग्णालयात जा आणि बाकला खाल्ल्याचं आधी सांगा.

कोशरीवर पहिल्याच घासाला शट्टा ओतणं

कोशरी म्हणजे भात, अख्खा मसूर, मॅकरोनी आणि काबुली चणे यांच्यावर टोमॅटोचा आंबट रस्सा आणि कुरकुरीत तळलेला कांदा. टेबलावर दोन बाटल्या असतात. एकीत ‘दक्का’, म्हणजे लसूण, व्हिनेगर आणि जिऱ्याचं पाणी. दुसरीत ‘शट्टा’, तेलात उतरवलेलं लाल तिखट. आपली माणसं दक्क्याकडे बघतही नाहीत आणि सवयीने शट्ट्याला हात घालतात. बाटलीच्या तळाशी बसलेलं तिखट एकदम वाडग्यात पडलं की पुढचं काही लागत नाही. आधी वाडगं तळापासून ढवळा, दोन चमचे दक्का घाला, एक घास खा, मग शट्ट्याचे थेंब. जास्त पडलाच तर पाण्याने भागत नाही. ‘झबादी’ म्हणजे साधं दही मागवा किंवा वर आणखी भात घ्या.

आणि कोशरी ‘सगळं मिळतं’ अशा हॉटेलात खाऊ नका. तळलेला कांदा मऊ पडला की कोशरीतलं अर्धं सुख गेलं, आणि तो कुरकुरीत राहतो फक्त दिवसभर कोशरीच विकणाऱ्या दुकानात. मध्य कैरोतल्या शाम्पोलियों रस्त्यावरचं अबू तारिक १९५० मध्ये हातगाडीवर सुरू झालं, आज बहुमजली आहे आणि अजूनही मुख्यतः कोशरीच विकतं. काही दुकानांत वर कलेजी घालून देतात, तेवढं शाकाहारी मंडळींनी बघून घ्यावं.

‘नो मीट’ म्हटलं की झालं, असं समजणं

शाकाहारी कुटुंबांची सगळ्यात मोठी फजिती इथे होते, आणि दोष कुणाचाच नसतो. तिकडे ‘लहम’ म्हणजे लाल मांस. ‘लहम नको’ म्हटलं तर दुकानदार प्रामाणिकपणे कोंबडी पुढे करतो. म्हणून कोंबडीचं नाव वेगळं घ्या, इजिप्तमध्ये ‘फिराख’, जॉर्डन-लेबनॉनकडे ‘दजाज’. त्यानंतर रश्शाबद्दल विचारा. मसुराचं पिवळं सूप, भात, भात भरलेल्या ढोबळ्या मिरच्या आणि कोबीचे ‘महशी’, मुलुखियाची हिरवी भाजी, हे सगळं दिसायला शाकाहारी, पण अनेकदा कोंबडीच्या किंवा मटणाच्या पाण्यात शिजवलेलं असतं. मोरोक्कोच्या ‘हरीरा’ सूपमध्येही बहुधा मटण असतं.

इजिप्तमध्ये एक सोपी वाट आहे, आणि ती फार थोड्या पर्यटकांना माहीत असते. तिथले कॉप्टिक ख्रिस्ती वर्षात दोनशेहून अधिक दिवस उपास करतात. त्या दिवसांत मांस, अंडी, दूध, तूप काहीच चालत नाही. या जेवणाला ‘सियामी’ म्हणतात आणि तो शब्द हॉटेलवाल्यांपासून बेकरीवाल्यांपर्यंत सगळ्यांना कळतो. ‘अक्ल सियामी’ मागितलं की पाच मिनिटांची हातवाऱ्यांची कसरत वाचते. फक्त मासा नको हे जोडून सांगा, कारण काही उपासांना मासे चालतात.

जैन मंडळींना कोशरी आणि बहुतेक ठिकाणचा हुम्मुस कांदा-लसणामुळे जमणार नाही. त्यांच्यासाठी जॉर्डन-लेबनॉनची ‘मनाकीश झातर’ उत्तम: भट्टीतली गरम पोळी, वर रानओव्याच्या जातीचा झातर, तीळ, आंबट सुमाक आणि ऑलिव्ह तेल. तळणीचा पदार्थ घेताना कढई वेगळी आहे का तेही पाहावं. आखाती शहरांतल्या छोट्या कॅफेटेरियांत फलाफल आणि चिकन बऱ्याचदा एकाच तेलात तळतात. चीजमध्ये दूध फाडण्यासाठी प्राण्यांपासून काढलेलं रेनेट असू शकतं, हे कडक शाकाहारी लोकांनी कुनाफ्याच्या बाबतीतही लक्षात ठेवावं.

कुनाफा ‘नंतर खाऊ’ म्हणून बांधून घेणं

नाबुलसी, म्हणजे पॅलेस्टाइनमधल्या नाबुलस शहराच्या पद्धतीचा कुनाफा चांगल्या दुकानात बनताना उभं राहून बघा. मोठं गोल ताट आचेवर सतत फिरवत ठेवलेलं असतं. खाली तुपात परतलेल्या कणकेच्या बारीक तारांचा किंवा रव्यासारख्या भुग्याचा थर, वर नाबुलसी चीज. हे चीज मुळात खारं असतं, पाण्यात भिजवून त्याचा खारटपणा काढतात, तरी किंचित उरतोच, आणि तोच हवा असतो. खालची बाजू खरपूस झाली की कारागीर दुसरं ताट वर धरून एका झटक्यात सगळं उलटवतो. केशरी बाजू वर येते. त्यावर गुलाबपाणी किंवा संत्र्याच्या फुलांचं पाणी घातलेला पाक पळीने सोडला की चर्र आवाज होतो, मग पिस्त्याचा चुरा, आणि सुरीने चौकोन कापून तुमच्या बशीत.

इथून तुमच्याकडे दहा-पंधरा मिनिटं असतात. गरम असताना चीजची तार निघते, खारट आणि गोड एकमेकांना धरून राहतात. थंड झालं की चीज रबरासारखं होतं आणि जिभेला फक्त पाक जाणवतो. ‘अति गोड’ ही तक्रार बहुतेक वेळा या थंड कुनाफ्याची असते. हॉटेलच्या खोलीत मायक्रोवेव्हमध्ये गरम केलात तर खालचा कुरकुरीतपणाही जातो. तव्यावर मंद आचेवर केलात तर निम्मी चव परत येते, त्याहून जास्त नाही.

अम्मानला १९५१ पासूनचं हबीबा आहे. जुन्या शहरातल्या गल्लीतल्या त्यांच्या छोट्या खिडकीसमोर लोक बशी हातात घेऊन उभ्यानेच खातात. काउंटरवर ‘खिश्ने’ की ‘नाअमे’ असं विचारतील. खिश्ने म्हणजे तारांचा जाडसर, नाअमे म्हणजे भुग्याचा मऊ. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा खिश्नेच घ्या. आणि दोघांत एकच बशी. सोबत बिनसाखरेची कॉफी, तिला ‘सादा’ म्हणायचं. मधुमेह असेल तर जेवणावर कुनाफा नको, जेवणाच्या जागी चार घास हवे तर चालतील, तेही डॉक्टरांना विचारून.

हाच नियम दुबई-मस्कतच्या ‘लुगैमात’ला. आपल्या गुलगुल्यांसारखे छोटे गोळे, तळून खजुराच्या काकवीत बुडवतात आणि वर तीळ पेरतात. कढईतून निघाल्यावर पाच मिनिटांत खावेत. इजिप्तची ‘उम्म अली’, म्हणजे दूध, सुकामेवा आणि पापुद्र्यांची भट्टीत भाजलेली खीर, हीसुद्धा मातीच्या वाडग्यात वाफ येत असतानाच. सुकामेव्याची ॲलर्जी असेल तर त्यासाठीचा ‘मुकस्सरात’ हा शब्द पाठ करून ठेवा, कारण सुकामेवा जवळजवळ प्रत्येक मिठाईत असतो.

थंड पेयं ही फक्त सरबतं आहेत, असं वाटणं

‘कर्कदे’ बिनधास्त प्या, ती अंबाडीच्या लाल बोंडांचीच आहे, विदर्भातल्या वाचकांना ओळखीची वाटेल. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर मात्र प्रमाणात, कारण ती दाब थोडा उतरवते. उलट ‘इर्क सूस’ म्हणजे ज्येष्ठमधाचं काळपट पेय दाब चढवतं आणि शरीरातलं पोटॅशियम कमी करतं. रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या रुग्णांनी ते टाळावंच. उसाचा रस समोर काढलेला, बर्फाशिवाय, एकदा वापरून टाकायच्या पेल्यात. पोट बिघडतं ते बहुतेक वेळा बर्फ, कापून ठेवलेली कोशिंबीर आणि उन्हात ठेवलेल्या लसणाच्या पांढऱ्या सॉसमुळे. ओआरएस बरोबर ठेवा, बिघडलंच तर ते घ्या; ताप किंवा शौचात रक्त असेल तर डॉक्टर.

आखातात कुणी छोट्या कपात वेलदोड्याची कॉफी दिली तर ती उजव्या हाताने घ्या. कप रिकामा झाला की ते पुन्हा भरत राहतात. पुरे झाली की कप हलकेच डावी-उजवीकडे हलवून परत द्यायचा.

रमजान आणि शुक्रवार न बघता तिकिटं काढणं

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२७ मध्ये तो फेब्रुवारीत सुरू होईल, म्हणजे ऐन पर्यटनाच्या दिवसांत. दिवसा रस्त्यावरची बहुतेक दुकानं बंद असतात, आणि ओमानसारख्या देशांत रोज्याच्या वेळात उघड्यावर खाणं-पिणं कायद्यानेही चालत नाही. पण खाण्याची आवड असेल तर हा महिना टाळू नका असंच मी सांगेन. ‘कतायेफ’ मुख्यतः तेव्हाच मिळतात. दुकानाबाहेर गरम पत्र्यावर छोटे घावन एकाच बाजूने भाजतात आणि किलोवर विकतात, लोक घरी नेऊन त्यात अक्रोड किंवा चीज भरून तळतात. सूर्यास्तानंतरचा पहिला अर्धा-पाऊण तास दुकानदार स्वतः रोजा सोडत असतात, तेव्हा घाई करू नका. शुक्रवारी दुपारच्या नमाजापर्यंत बरीच दुकानं उघडत नाहीत.

पाटीवरचे आकडे चुकीचे वाचणं

इजिप्तमध्ये भाव अरबी आकड्यांत लिहितात आणि आपला घोटाळा होतो. त्यांचा ५ आपल्या शून्यासारखा गोल दिसतो आणि त्यांचं शून्य म्हणजे नुसतं टिंब. गोल आणि पुढे टिंब दिसलं तर ते ५०. त्यांचा ६ इंग्रजी सातासारखा दिसतो. हे तीन आकडे ओळखता आले तरी बरंच भांडण वाचतं. जिथे पाटीच नाही तिथे खाण्याआधी भाव विचारा.

मिठाई आणताना

बकलावा आणि खजूर भरलेले ‘मामूल’ काही दिवस टिकतात. मलई किंवा चीज असलेलं काहीही आणू नका. पाव किलोपासून सुरुवात करा, दुकानदार आधी चाखायला देतात. ताहिनी आणि खजुराची काकवी हातातल्या सामानात द्रव म्हणून अडवतात, मोठ्या बॅगेत टाका. आणि इथून जाताना फराळाच्या डब्यातले अनारसे किंवा खसखस घातलेला मसाला अमिरातीत नेऊ नका. खसखस तिथे अमली पदार्थांच्या कायद्यात येते आणि विमानतळावर अटकसुद्धा होऊ शकते. सौदी आणि कतारलाही ती नेऊ नका.