‘जीव खालीवर होतोय’ हे एआयला कसं सांगायचं

मी बेळगावात, टिळकवाडीत मानसोपचाराची ओपीडी चालवते आणि आठवड्यातून एक दिवस खानापुरात बसते. माझ्याकडे येणारा माणूस दुखणं मराठीत सांगतो, चिडला की कन्नडात शिरतो. सरकारी कागद कन्नडात लागतो आणि धारवाडला डिमहान्स या सरकारी मानसोपचार संस्थेत पाठवायचं तर पत्र इंग्रजीत. एका पेशंटमागे तीन भाषांचं लिखाण. दवाखाना मिटला तरी केसपेपर मिटत नव्हते, म्हणून एआय हाताशी घेतलं. नव्यानं प्रॅक्टिस सुरू केलेली मुलं विचारतात, "मॅडम, तुम्ही नेमकं कसं वापरता?" म्हणून लिहिते. पेशंटचे तपशील अर्थातच बदललेत.

पेशंट समोर असताना ते बंद. बोलणं रेकॉर्ड करून आपोआप लिहून घ्यायचा प्रयोग मी चार दिवस केला. पंख्याची घरघर, बाहेरचे हॉर्न आणि आमची मराठी-कन्नड खिचडी यातून जे उमटलं ते वाचून मलाच गोळी घ्यावीशी वाटली. शिवाय टेबलावर मोबाइल दिसला की माणूस घरच्या भानगडी सांगायचा थांबतो. हातानं नोंद घ्या. मशीनचं काम नंतर.

नोंद कशी घ्यायची, हे मात्र नीट ऐका. पन्नाशीतली एक बाई आली होती. म्हणाली, "सांज झाली की जीव खालीवर होतोय, काय सुचत नाही बघा." मी ते वाक्य तसंच टाकून इंग्रजी समरी मागितली. उत्तर आलं: मूड कधी चढतो, कधी उतरतो, बायपोलरचा विचार करावा. अहो, मुलगा गोव्याला कामाला, त्याचा फोन आला नाही की तिला धडधड सुटायची. घालमेल ती, दुसरं काय! ‘अंगात येतं’ याचंही तेच. सौंदत्तीच्या यल्लम्माला जाणाऱ्या घरात त्याचा अर्थ काय, हे घरच्यांनाच विचारावं लागतं. मशीन एकदा ताप म्हणालं, एकदा भ्रम. कन्नडातलं ‘तली केट्टैति’, म्हणजे डोकं बिघडलंय, हे नुसता वैतागलेला माणूसही म्हणतो आणि खरोखर भान सुटत चाललेलाही.

तेव्हापासून माझ्या नोंदीत आधी पेशंटचं वाक्य येतं, अवतरणात, त्याच्याच भाषेत. त्याखाली त्याचा मी लावलेला अर्थ. मग मशीनला सांगते:

"खालच्या नोंदीवरून रेफरल पत्राचा मसुदा कर. अवतरणातली वाक्यं मूळ भाषेतच ठेव, शेजारी मी दिलेला अर्थ इंग्रजीत लिही. नोंदीत नसलेलं काही घालू नकोस; त्या जागी ‘विचारलं नाही’ असं लिही. निदान सुचवू नकोस."

‘विचारलं नाही’ हे शब्द मी ठेच लागल्यावर घातले. एका तरुणाच्या मसुद्यात ‘आत्महत्येचे विचार नाहीत’ अशी ओळ होती. मी त्याला ते विचारलंच नव्हतं. गर्दीत राहून गेलं. अशा समरीत ती ओळ सहसा असते, म्हणून मशीननं आपली भरली, आणि मी घाईत सही करणार होते. त्याच संध्याकाळी फोन करून विचारलं. विचार होते. आता आत्महत्या, मारहाण, दारू आणि औषधांचे डोस या चार गोष्टी मसुद्यात आल्या की मूळ कागदाशी बोट ठेवून ताडते. पीएचक्यू-९ या नैराश्य मोजायच्या प्रश्नावलीची बेरीजही मीच करते. नऊ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३. त्यासाठी एआय कशाला? आणि नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. एकूण गुण कमी आले तरी तिथं शून्याखेरीज काही असेल, तर त्यावर वेगळं बोलायचंच.

नाव खोडलं म्हणजे ओळख पुसली, असं नाही. ‘वडगावचा विणकर, दोन मुली, बायको माहेरी’ एवढं लिहिलं तर अर्धं वडगाव नाव सांगेल. गाव, जात, नेमका धंदा काढा; ‘चाळिशीतला पुरुष, कारागीर’ पुरतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नं गोपनीयता हा पेशंटचा हक्क आहे. त्याची माहिती कुठं जाते, याला जबाबदार आपण. पेशंटलाही सांगते: पत्राचा मसुदा कॉम्प्युटरकडून करून घेते, तुमचं नाव त्यात नसतं, चालेल का? ‘नको’ म्हणाला तर हातानं लिहायचं.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो माहितीपत्रकांना. फक्त मशीनची मराठी पुस्तकी. लिथियम या बायपोलरवरच्या औषधाच्या पत्रकात लिहिलं होतं, ‘पुरेसे जलसेवन करावे’. आमच्याकडं ऊसतोडीला जाणारा गडी ते वाचून काय करणार? मी वाचणारा कोण, काम काय, शिक्षण किती हे सांगून पुन्हा लिहून घेतलं आणि वर हात फिरवला: "उन्हात काम असेल तर पाणी पीत राहा. जेवणातलं मीठ एकदम तोडू नका. उलट्या-जुलाब लागले तर पुढची गोळी घेण्याआधी फोन करा. कंबर धरली म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन आणू नका. त्यानं रक्तातलं लिथियम वाढतं." शेवटची ओळ पहिल्या मसुद्यात नव्हतीच. हेल्पलाइन म्हणून दिला होता ९८८, तो अमेरिकेचा. आपला टेलि-मानस १४४१६. तो स्वतः टाइप करा.

आणखी एक. केसपेपरवर मी हल्ली एक प्रश्न वाढवलाय: "रात्री झोप येत नाही तेव्हा मोबाइलशी काय बोलता?" १९६६ साली वायझेनबाऊम या संगणकतज्ज्ञानं एलायझा नावाचा गप्पा मारणारा साधा प्रोग्राम लिहिला, तेव्हा त्याच्याशी बोलायला त्याच्याच सेक्रेटरीनं त्याला खोलीबाहेर जायला सांगितलं होतं. म्हणजे ही सवय जुनीच. कॉलेजातल्या एका पोरानं उत्तराऐवजी एआयशी झालेलं बोलणं उघडून मोबाइलच पुढं केला. तीन भेटींत मला न सांगितलेली गोष्ट तिथं पहिल्याच ओळीत होती. असं कुणी दाखवलं तर तो दाखवेल तेवढंच वाचा, रागावू नका, आणि फाइलला लावण्याआधी त्याला विचारा. तो नको म्हणाला. मी लावलं नाही.