गवंडी-सेंट्रिंगवाल्यांचं एक दिवसाचं प्रशिक्षण: आधी काय काय जमवायचं

गावात बांधकाम कामगारांसाठी सुरक्षेचं प्रशिक्षण घ्यायचं ठरलं की मंडळं आधी हॉल बघतात, मग पाहुणे. ते राहू द्या. पहिली बाब हजेरीची. त्या दिवसाची हजेरी कोण देणार हे ठेकेदार आणि घरमालकाशी बोलून पक्कं करा आणि मुकादमाच्या तोंडूनच कामगारांना कळू द्या. रोजावर पोट असलेला माणूस खाडा करून भाषण ऐकायला का येईल? दोघांनी निम्मी निम्मी उचलली तरी भागतं. "बघू नंतर" म्हणालात तर खुर्च्यांवर मंडळाचीच पोरं दिसतील.

तारीख शेतीचा अंदाज घेऊन काढा. बेळगाव, खानापूर तालुक्यातले कितीतरी गवंडी घरचे शेतकरी आहेत. भाताच्या लावणीत ते सापडायचे नाहीत आणि गणपतीत तर विचारूच नका. लावणी उरकल्यापासून गणपती येईपर्यंतचे दिवस बरे. पावसानं बाहेरचं काम तेव्हा तसंही रखडलेलं असतं. कुठं स्लॅब टाकायचा आहे का, तेही विचारून घ्या, कारण त्या दिवशी सगळी टोळी तिकडं जाते.

जागा म्हणून अर्धवट बांधलेलं घर मागा: खालचा मजला पुरा झालेला, वर काम चालू, एका बाजूला परांची उभी. मालकाची परवानगी घ्या आणि नुकत्याच टाकलेल्या स्लॅबखाली कुणालाही बसवू नका. शिकवायला बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातला ओळखीचा सेफ्टी ऑफिसर मिळाला तर उत्तम, पण त्याच्या जोडीला एक मुरलेला मेस्त्री हवाच. नुसत्या साहेबाचं कुणी ऐकत नाही.

आता सामान. हेल्मेटं घेताना आतला पट्टा आणि हनुवटीची दोरी ओढून बघा. आयएसआय मार्क आणि आयएस २९२५ हा आकडा असलेलीच घ्या. कमरेचा नुसता पट्टा आणू नका, अंगभर बसणारा हार्नेस आणा. तो घालायला पाच मिनिटांत येतो. खरा प्रश्न हूक कुठं अडकवायचा हा आहे. बहुतेक जण समोरच्या परांचीच्या बांबूला अडकवतात. तो बांबू काथ्यानं बांधलेला, काथ्या पावसात भिजून सैल झालेला. माणूस घसरला तर परांची घेऊनच खाली येणार. म्हणून प्रशिक्षणाच्या आदल्या दिवशी मेस्त्रीला घेऊन वर जा, भरून पक्क्या झालेल्या कॉलमला जाड दोर बांधून ठेवा आणि प्रत्येकाला स्वतःच्या हातानं डोक्याच्या वरच्या उंचीवर हूक लावायला सांगा. याला तास गेला तरी चालेल.

सेंट्रिंग, म्हणजे स्लॅब-बीम पक्के होईपर्यंत खाली लावलेल्या प्लेटा आणि टेकू, उतरवण्याचे दिवस भिंतीवर ठळक रंगवून घ्या, कारण घाई इथंच होते. प्लेटांचं भाडं रोज चढत असतं, मग टेकू लवकर निघतात. काँक्रीटच्या कामाचं मानक आयएस ४५६ प्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबचे टेकू ७ दिवस, त्याहून मोठ्याचे १४ दिवस ठेवायचे. बीमचे सहा मीटरपर्यंत १४, पुढं २१. हा हिशेब ओपीसी, म्हणजे साध्या सिमेंटचा आहे. आपल्याकडं सर्रास पीपीसी (राख मिसळलेलं, सावकाश पक्कं होणारं सिमेंट) वापरतात, तेव्हा दिवस वाढवायचे आणि ते इंजिनिअरला विचारून.

विजेसाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) बसवलेला एक बोर्ड तयार ठेवा. शेजारी नेहमीचा नमुनाही ठेवा: प्लगच नाही, वायरची उघडी टोकं सॉकेटमध्ये खुपसून काडेपेटीच्या काड्यांनी घट्ट केलेली. अर्थात तिथं करंट सोडू नका. घराजवळून लाइन जात असेल तर सळ्या उचलण्याआधी हेस्कॉमला, म्हणजे वीज कंपनीला, अर्ज द्यायचा, हे त्याच वेळी मुकादमाच्या कानावर घाला.

खड्ड्याचं थोडक्यात. दीड मीटरच्या खाली गेलं की बाजूंना आधार द्यायचा नाहीतर उतार काढायचा, आणि उपसलेली माती काठापासून निदान दीड मीटर लांब टाकायची. अथणी, बैलहोंगलकडची काळी माती उन्हात दगडासारखी उभी राहते, एका पावसात बसते.

बायकांना यादीतून गाळू नका. घमेली वाहणाऱ्या आक्का-मावशींच्या डोक्यावर चुंबळ असते, तिच्यावर हेल्मेट बसत नाही, आणि ही गोष्ट प्रशिक्षणवाल्यांच्या ध्यानातच येत नाही. वर काम चालू असताना त्या खालून जाणार नाहीत अशी वाट आखून, दोरी लावून दाखवा. लहान पोरांसाठी सावली आणि बायकांसाठी संडासाची सोय आधी बघा, नाहीतर दुपारनंतर त्या थांबायच्या नाहीत.

साइटवर मराठी, कन्नड आणि हिंदी तिन्ही बोलणारे असतात. ओरडून सांगितलेलं निम्म्यांना कळत नाही, म्हणून शिट्टी घ्या: एक लांब शिट्टी झाली की सगळ्यांनी हातातलं काम थांबवायचं. सरकारी बांधकाम कामगार कल्याण मंडळाचे, म्हणजे लेबर कार्डाचे, फॉर्म कन्नडमध्ये येतात, ते वाचून भरून देणारा एक जण दिवसभर टेबलावर बसवा.

कागदपत्रांना आठवडाभर आधी हात घाला. लेबर कार्डासाठी वय १८ ते ६० आणि मागच्या १२ महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. आधार, रेशन कार्ड आणि पासबुकावर एकाच माणसाचं नाव तीन तऱ्हेनं लिहिलेलं असतं. ते आधी जुळवा. कोल्हापूर किंवा गोव्याकडं कामाला जाणाऱ्यांना दाखला तिथल्या ठेकेदाराकडून आणावा लागेल, आणि नोंदणी कुठल्या राज्यात करायची हेही ठरवावं लागेल. ई-श्रम कार्ड (असंघटित कामगारांच्या केंद्राच्या नोंदणीचं) आहे म्हणजे लेबर कार्ड झालं, असं कुणाला वाटत असेल तर तो समज तिथंच काढा. पासबुक हातात आहेच तर वर्षाला २० रुपयांच्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा फॉर्मही भरून घ्या. अपघाती मृत्यूला २ लाख मिळतात. हजेरीपत्रकात 'काम' असा रकाना ठेवा. गवंडी किती, बारबेंडर (सळ्या वाकवून बांधणारे) किती हे कळलं की जुन्या अनुभवावर मिळणाऱ्या आरपीएल या कौशल्य प्रमाणपत्रासाठी एकेक गट पाठवता येतो.

प्रथमोपचाराच्या पेटीशेजारी स्वच्छ पाण्याची कळशी हवी. डोळ्यात सिमेंट गेलं तर निदान १५ मिनिटं धुवावं लागतं. १०८ नंबर भिंतीवर लिहा आणि गाडी आत कुठून येईल तेही बघून ठेवा. चहा, माइक, खुर्च्या आदल्या संध्याकाळी जमतात. बुटांचं तसं नाही. कागद गोळा करतानाच प्रत्येकाच्या पायाचं माप लिहून घ्या, बायकांचंही, कारण त्यांची मापं दुकानात तयार मिळत नाहीत, मागवावी लागतात.